जो गप्प आहे तो काय करतोय?

चिंचकोट्याच्या सरपंच केशरबाई यांना इंग्रजीतले मोजून चार शब्द येतात. तरीही विलायतेतल्या राजवाड्यात आणि पार्लमेंटात कोण कुणाची खुर्ची कशी ओढतो, हे त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं आपल्या जिल्ह्यातल्या भल्याभल्या पुढाऱ्यांनाही नसेल. हे वाचून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गावानं तीन वर्षं हसून घेतलं आणि मग एका मंगळवारी सकाळी साडेअकराला गावाचं हसू एकदम थांबलं. गोष्ट त्या मंगळवारचीच आहे, पण तिथं पोचायला आधी मुरुमला जावं लागतं.

मुरुमच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत मुजफ्फर सर राहतात. एकतीस वर्षं त्यांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले आणि काचबिंदूनं गाठलं. आधी कडेकडेचं दिसायचं बंद झालं, मग मधलंही गेलं. बीवी कुलसुमबी त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. मुलगा कलीम हैदराबादला नोकरीत. "अब्बा, इकडं चला," म्हणून त्यानं लई विनवण्या केल्या, पण सर मुरुम सोडायला तयार नाहीत. शेवटी कलीमनं दोन कामं केली. भिंतीवर भला मोठा टीव्ही लावून दिला आणि स्वयंपाकपाण्याला, धुण्याभांड्याला बाई बघून दिली. ती बाई म्हणजे केशरबाई. डोळे गेलेल्या बापाला पोरानं टीव्ही घेऊन दिला म्हणून शेजारीपाजारी हळहळले. शेजाऱ्यांना काय कळतंय! कलीम बापाला ओळखून होता.

सरांना विलायती सिनेमांचा नाद. तोही साध्यासुध्यांचा नाही. राजा म्हातारा झालाय आणि प्रधान टपून बसलेत, किंवा पंतप्रधान पडायला आलाय आणि त्याचेच सोबती दाराबाहेर कुजबुजताहेत, असले सिनेमे. "तिथं तलवार एकदा निघते, पण जबान दोन तास चालते," सर म्हणायचे. गाणी नाहीत, मारामारी नाही, सगळा कारभार बोलण्यातला. तेव्हा डोळ्यांवाचून भागायला हरकत नव्हती. कलीम पेन ड्राइव्हवर सिनेमे भरून पाठवायचा आणि सर कान देऊन ऐकत बसायचे.

अडचण एकच होती. ते इंग्रज ऐन मोक्याच्या वेळी गप्प बसायचे. दीड तास तोंडाचा पट्टा चालवणारी माणसं नेमकी राज्य जायच्या वेळी मुकी व्हायची. त्या गप्प बसण्यातच काहीतरी घडायचं आणि सरांच्या वाट्याला नुसती घड्याळाची टिकटिक यायची.

एका दुपारी असंच झालं. केशरबाई फरशी पुसत होत्या. टीव्हीवर बराच वेळ चाललेलं भांडण एकदम थांबलं. अर्धा मिनिट गेला, एक गेला, कुणी बोलेना. सर खुर्चीत पुढं सरकले.

"अरे, मेला का राहिला?" ते स्वतःशीच पुटपुटले.

"कोन मेलं न्हाय, सर," केशरबाई फडकं पिळत म्हणाल्या. "टकल्या खिडकीपाशी जाऊन उभारलाय. बाईनं बोटातली अंगठी काढून टेबलावर ठिवली. त्यो तिकडं बघंना. आता बाई चालली. दाराशी थांबली. गेली."

सरांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाले, "केशरबाई, फडकं ठेवा. तो स्टूल घ्या आणि इथं बसा."

या गोष्टीला आता आठ वर्षं होऊन गेली. चिंचकोटा मुरुमपासून अकरा किलोमीटर. सकाळच्या जीपनं केशरबाई यायच्या, भाकरी-कालवण करायच्या, धुणंभांडी उरकायच्या आणि दुपारी दोन ते चार स्टुलावर बसायच्या. वाटणी ठरलेली होती. चित्र त्यांनी सांगायचं, बोलणं सरांनी सांगायचं. दोघांचं मिळून एक माणूस सिनेमा बघायचा.

सुरुवातीला सर फार चिडायचे. केशरबाई आपल्या रीतीप्रमाणं जो बोलतोय त्याच्याकडं बघायच्या आणि सांगायच्या, "ह्यो बोलतोय. लई तावातावानं बोलतोय."

"जो बोलतो तो मला ऐकू येतो, बाई! डोळे गेलेत, कान आहेत शाबूत. जो गप्प आहे तो काय करतोय, ते सांगा."

हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला, की पुढं विचारायची गरजच राहिली नाही. केशरबाईंची नजरच तशी पडली. दहा माणसं दिवाणखान्यात असली की बोलणाऱ्याला सोडून ती बाकीच्या नऊ जणांवर फिरायची. कोण कुणाच्या जवळ उभा आहे, कुणी पेला उचलला पण प्यायला नाही, कोण हसला आणि लगेच दाराकडं बघितलं. सर सांगायचे, "हा म्हणतोय, मी शेवटपर्यंत तुमच्या पाठीशी आहे." केशरबाई म्हणायच्या, "पाठीशी कुठला सर, दाराशी हाय. टोपी हातातच धरलीया. ह्यो जानार बगा." आणि तो जायचाच. सर मांडीवर थाप मारून म्हणायचे, "क्या बात है!"

सिनेमांची खरी नावं केशरबाईंना कधी कळली नाहीत. त्यांनी आपलीच ठेवली होती. 'पत्र जाळलेला', 'लंगड्या प्रधानाचा', 'छत्री इसरलेला'. कलीमच्या पेन ड्राइव्हवर काहीही लिहिलेलं असो, घरात हीच नावं चालायची.

आता चिंचकोट्याकडं वळू. २०२१ सालात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेला राखीव निघालं. गावचे जुने कारभारी हणमंतप्पा. त्यांचंच पॅनल, त्यांचाच शब्द. त्यांनी बौद्धवाड्यात नजर टाकली आणि केशरबाईंना उभं केलं. हिशेब साधा होता. मुरुमला भांडी घासणारी बाई. दाखवू तिथं सही करील, उपसरपंच आपण राहू, खुर्ची तिची आणि कारभार आपला. हणमंतप्पा काही दुष्ट माणूस नाही. पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही, लग्नकार्याला पदरमोड करील. पण गाव आपल्याशिवाय चालतं, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही.

एरवी बाई सरपंच झाली की नवरा आपोआप सरपंच होतो, ही आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. केशरबाईंचे मालक मच्छिंद्र त्या बाबतीत अगदीच कुचकामी निघाले. तीन वर्षांत त्यांनी एकदाच ग्रामपंचायतीत पाऊल टाकलं, तेही बायको डबा विसरली म्हणून.

पहिल्याच बैठकीत ग्रामसेवकानं ठरावाचं रजिस्टर पुढं सरकवलं. "बाई, इथं सही."

"वाचून दाखवा," केशरबाई म्हणाल्या.

"नेहमीचंच आहे हो."

"असंल. पर निस्तं बघून मला काय कळतंय? बोलनं बी ऐकाय पायजे. वाचून दाखवा."

झालं. त्या दिवसापासून चिंचकोट्याच्या बैठकीत प्रत्येक ठराव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला जाऊ लागला. अर्ध्या तासात आटपणारी बैठक दोन-दोन तास चालायला लागली. ग्रामसेवकाचा घसा बसायचा. हणमंतप्पा जांभया द्यायचे. "आमच्या सरपंचबाईंना विलायती पद्धत लागते," असं म्हणून पारावर टवाळी चालायची. सगळे वैतागलेले. एकटी चन्नम्मा तेवढी कान टवकारून ऐकायची.

चन्नम्माआक्का ही हणमंतप्पांची लांबची चुलती. वय सत्तरीचं, मूळची कर्नाटकातली, अजूनही चिडली की कानडीत चिडते. लिहिता-वाचता येत नाही. महिलांची एक जागा भरायची म्हणून पॅनलमध्ये घातलेली. वाताच्या दुखण्यानं तिचे दोन्ही खांदे असे धरलेत की हात छातीच्या वर जात नाही. डोक्यावर पदर घ्यायलासुद्धा सून लागते. बैठकीत मत द्यायची वेळ आली की बाकीचे हात वर करायचे आणि ग्रामसेवक आक्कांकडं न बघताच त्यांचं नाव हणमंतप्पांच्या बाजूनं लिहून मोकळा व्हायचा. आक्कांना काय वाटतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. खरं सांगायचं तर केशरबाईंनाही पडला नव्हता.

मग एसटी थांब्याशेजारची जागा निघाली. मुरुमला कॉलेजात जाणाऱ्या पोरी थांब्यावर उन्हात उभ्या राहतात. बसायला शेड नाही की आडोसा नाही. गाडी चुकली तर दोन-दोन तास पोरींना कुठं जाता येत नाही. केशरबाईंचं म्हणणं, त्या जागेवर शेड आणि बायकांचं स्वच्छतागृह बांधायचं. हणमंतप्पांना तिथं गाळे काढायचे होते. ग्रामसेवकानं गाळ्यांचा ठराव वाचून दाखवला. केशरबाईंनी शांतपणे तो ऐकून घेतला आणि सही करणार नाही म्हणाल्या.

आठवड्याभरात तहसीलला अविश्वास ठरावाची नोटीस गेली.

गणित नीट सांगतो, कारण पुढं सगळं त्यावरच आहे. सदस्य नऊ. सरपंच बाई असली की ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे नवातली सात. सात हात वर झाले की केशरबाईंची खुर्ची गेली आणि खुर्चीबरोबर थांब्याशेजारची जागाही गेली. सात हणमंतप्पांकडं होते. राहिले दोन. एक स्वतः केशरबाई आणि दुसरा बलभीम.

पुढचा रिवाज तुम्हाला ठाऊक असेल. मतदानाआधी आपली माणसं फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायचं. हणमंतप्पांनी टेम्पो ट्रॅव्हलर केला, सगळ्यांचे मोबाईल बंद करून एका पिशवीत घातले आणि मंडळी गाणगापूरमार्गे गोकर्णाला रवाना झाली. बायकांना एकसारख्या साड्या, गड्यांना पांढरे सदरे. बलभीमलाही न्यायचं होतं, पण त्याची म्हैस व्यायला झाली होती. "दोन दीस थांबा," तो म्हणाला. "म्हशीसाठी राजकारण थांबत नाही," हणमंतप्पा म्हणाले. बलभीमच्या डोक्यात तिडीक गेली. तत्त्वाबित्त्वाचा काहीएक संबंध नव्हता. एक मत केशरबाईंचं स्वतःचं आणि एक म्हशीनं मिळवून दिलेलं, एवढीच त्यांची ताकद.

सोमवारी, मतदानाच्या आदल्या दिवशी, केशरबाई रोजच्यासारख्या मुरुमला गेल्या. सरपंच झाल्यावर बाकीची घरं त्यांनी सोडली होती, सरांचं सोडलं नव्हतं. भाकरी झाल्या, भांडी झाली. दोन वाजता सरांनी सिनेमा लावला. धुक्यातलं लंडन, म्हातारा पंतप्रधान, आणि त्याचे जिवलग एकेक करून त्याच्या खोलीत येतात आणि हळहळत सांगतात की आता तुमचं काही खरं नाही. केशरबाईंनी तिसऱ्या माणसापर्यंत चित्र सांगितलं आणि चौथा आला तेव्हा सांगायचंच राहिलं.

सरांनी चाचपडत रिमोट घेतला आणि पडदा बंद केला.

"उद्या किती वाजता?"

"अकराला."

"सात जण परत आले?"

"उद्या थेट हापिसातच आननार हायत म्हनं. घरी बी जाऊ देनार न्हायती."

सर काही वेळ हाताच्या बोटांनी खुर्चीचा हात वाजवत राहिले. "केशरबाई, एक सांगू? या सिनेमांत जो शहाणा असतो तो धक्के मारून काढायच्या आधी स्वतःच उठतो. राजीनामा द्या. इज्जत राहील. हवा तर मी लिहून देतो."

केशरबाईंनी विचार केला. चार दिवस त्यांनाही हेच वाटत होतं.

"त्येंचं बरं हाय, सर," त्या म्हणाल्या. "खुर्ची सोडली की त्येंला गावाकडं मोठाला बंगला असतोय, बाग असती, कुत्री असत्यात. म्या उठले तर त्याच थांब्यावरनं रोज जीप धरायची हाय. पोरी उभारलेल्या बघायच्या. त्या इचारतील, मावशी, तुमी का उठला, म्हनून. तवा काय सांगू? काढायचं आसंल तर काढू द्या. मी न्हाय उठनार."

सर म्हणाले, "माफ करा." आणि जरा वेळानं, "चहा टाका दोन कप. आज साखर जास्त."

मंगळवारी पावणेअकराला टेम्पो ट्रॅव्हलर थेट ग्रामपंचायतीच्या दारात लागला. सात माणसं उतरली. बायकांच्या अंगावर हिरव्या साड्या; त्यांतली शिवांजली म्हणजे हणमंतप्पांची सून, तीही सदस्य. अंगणात गाव जमलेलं. तहसीलदारसाहेब टेबलामागं बसले, ग्रामसेवक त्यांच्या शेजारी. साहेबांनी नोटीस वाचली, नियम वाचला. हणमंतप्पांनी उभं राहून भाषण केलं: सरपंचांविषयी व्यक्तिशः आदर आहे, पण गावाचा विकास खुंटला आहे. टोपीवाल्या इंग्रजाला शोभेल असं गोड बोलणं. केशरबाईंच्या कानात नुसता भुणभुण आवाज भरला. कोण काय बोलतंय ते त्यांना ऐकूच येईना.

"ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," साहेब म्हणाले.

हात वर झाले. ग्रामसेवक पुटपुटत मोजायला लागला.

आणि इथं केशरबाईंच्या हातून चूक झाली. गावात आजही कुणी म्हणतं ती चूक नव्हती, डाव होता. मला विचाराल तर ती चूकच होती. आठ वर्षांची सवय अशी एका दिवसात सुटत नाही. समोर दहा-बारा माणसं, कानावर काही पडत नाही, आणि काहीतरी भयंकर घडतंय. अशा वेळी त्यांच्या जिभेला एकच काम माहीत होतं. त्या सरांच्या शेजारी स्टुलावर बसल्यासारख्या मोठ्यानं सांगू लागल्या.

"हणमंतप्पांचा हात वर. त्येंच्या मागच्या तिघांचा वर, तिघंबी हणमंतप्पांकडं बघायलेत. खिडकीपाशी एकाचा वर, त्यो भाईर बघायलाय. शिवांजलीचा वर, डावा. उजवा दिसंना."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "बाई, गप्प बसा!" ग्रामसेवक खेकसला. केशरबाईंना तेही ऐकू आलं नाही.

"उजवा आक्काच्या पदराखाली हाय. आक्काचा हात वर. आक्काचा न्हाय, आक्काच्या कोपराखाली शिवांजलीचा हात हाय. तिनं वर धरलाय. आक्काची बोटं खाली लोंबत्यात. आक्का कुनाकडंच बघंना. डोळे मिटल्यात."

अंगणातलं हसू थांबलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"काय म्हणालात तुम्ही?"

तेव्हा कुठं केशरबाई भानावर आल्या. आपण कुठं आहोत, काय बोलून बसलो, हे कळून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण साहेब त्यांच्याकडं बघत नव्हते. ते चन्नम्माआक्कांकडं बघत होते. सगळं गाव तिकडंच बघत होतं. शिवांजली लाल होऊन बसली होती. तिनं हात हळूच काढून घेतला, तसा आक्कांचा हात जिथला तिथं मांडीवर येऊन पडला.

चार दिवस सहल, देवदर्शन, साडी, समुद्र, सगळं हणमंतप्पांनी नीट बघितलं होतं. म्हातारीचा हात वर जात नाही, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. टेम्पोतून उतरताना सुनेच्या लक्षात आलं आणि तिनं वाट काढली.

"साहेब, चुलतीचे खांदे धरलेत," हणमंतप्पा हसत म्हणाले. "सुनेनं आधार दिला. यात काय एवढं? मत आमच्याच बाजूचं हाय."

"असेल," साहेब म्हणाले. "आजींचा हात जात नसेल तर तोंडानं सांगू द्या. आजी, तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं? सरपंचांना काढायचं का?"

आक्कांनी डोळे उघडले. हणमंतप्पा त्यांच्याकडं वाकले. "चिगव्वा, व्हय म्हना." चिगव्वा म्हणजे कानडीत काकी. केशरबाईंनी मान खाली घातली. आक्का हणमंतप्पांच्या घरातली, साडी त्यांची नेसलेली, चार दिवस त्यांचं अन्न खाल्लेलं. हात कुणी का उचलला असेना, मत काय ते ठरलेलंच होतं. केशरबाईंना आता फक्त ते लवकर उरकावं असं वाटत होतं.

"ब्याड," चन्नम्माआक्का म्हणाल्या.

कानडीत नको म्हणतात ते ब्याड. चिंचकोट्यात न समजणारं कुणी नव्हतं. साहेबांना ग्रामसेवकानं समजावून सांगितलं, नाइलाजानं.

"केशरीला काढू नका," आक्का पुढं मराठीत म्हणाल्या. "तीन साल झाली, ती वाचाया लावती. म्हनून गावात काय चाललंय ते मला कळतंय. आदी निस्ता अंगठा व्हता." मग थोडं थांबून, "आन् मला आज पैल्यांदाच कुनी इचारलं."

सहा हात. ठराव नामंजूर. साहेबांनी तसं लिहून सह्या घेतल्या. ग्रामसेवकानं सही करायच्या आधी, कुणी सांगितलं नसताना, सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. बलभीम बाहेर पळत गेला तो गुलाल आणायला की म्हशीला सांगायला, देव जाणे.

केशरबाई गुलालासाठी थांबल्या नाहीत. त्या आक्कांच्या पाया पडल्या, "घरी येते सांजचं," म्हणाल्या आणि एकच्या जीपनं मुरुमला गेल्या.

सर जेवले नव्हते. टीव्ही बंद होता. दाराची कडी वाजली तसे ते उभे राहिले, पण त्यांनी काही विचारलं नाही. केशरबाईंनी स्टूल ओढला. "हाय, सर. खुर्ची हाय," एवढं त्या म्हणाल्या, तसे सर खुर्चीत बसले आणि बराच वेळ दोन्ही हातांनी चेहरा झाकून राहिले. मग म्हणाले, "सांगा. पहिल्यापासून. काही गाळायचं नाही."

केशरबाईंनी सगळं सांगितलं. टेम्पोपासून सुरुवात केली. साड्यांचा रंग, साहेबांचं पेन, शिवांजलीचा पदराखालचा हात, स्वतःची चूक. चूक ऐकून सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "आणि सहाच भरले तेव्हा हणमंतप्पा? तो गप्प असणार. काय करत होता?"

"घड्याळाचा पट्टा सोडत व्हता आन् लावत व्हता. सोडत व्हता आन् लावत व्हता."

"क्या बात है! आणि ती म्हातारी? ब्याड म्हणाली तेव्हा तिचा चेहरा कसा होता?"

सर वाट बघत राहिले. आठ वर्षांत या घरात असा प्रश्न कधी बिनउत्तराचा राहिला नव्हता.

"ते न्हाय दिसलं, सर."

"म्हणजे?"

"आदी माझीच मान खाली हुती. मग वर बघितलं तर माझ्या डोळ्यांत पानीच पानी. आक्का बोलत हुती तवर म्या कायबी बघितलं न्हाय. निस्तं ऐकलं." त्या स्टुलावर पुढं सरकल्या. "सर, तुमचे उपकार लई हायत माझ्यावर. तुमी स्टूल घ्या म्हनला नसता तर मला ह्यातलं काय दिसलं असतं? त्या हापिसात म्या बसले असते आन् काढून टाकले असते, मला कळलं बी नसतं कुनी काढलं."

"उपकार तुमचे," सर म्हणाले. "कुलसुम गेली, डोळे गेले. मी तर भिंतीकडं तोंड करून बसायच्या बेतात होतो. तुम्ही मला रोज दोन तास दुनिया दाखवलीत." त्यांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवून दिला. "बरं. आवाज ऐकलात ना तिचा? तसाच्या तसा काढून दाखवा."

केशरबाईंनी आक्कांसारखं म्हणून दाखवलं, "ब्याड."

"पुन्हा एकदा. घाई करू नका."

"ब्याड."

सरांनी मान तिरकी करून ऐकलं. एकतीस वर्षं पोरांचे उच्चार ऐकलेला तो कान होता. "हं. मग ऐका, मी सांगतो," ते म्हणाले. "तिची मान खाली नव्हती. खाली मान घालून आवाज असा मोकळा निघत नाही. हनुवटी वर होती. ती साहेबांकडं बघत नव्हती, हणमंतप्पाकडंही नाही. साहेबाकडं बघितलं असतं तर शब्द घाबरत आला असता, आणि त्याच्याकडं बघितलं असतं तर रागानं आला असता. ती तुमच्याकडं बघत होती, केशरबाई. आणि तो शेवटचा ड कसा रुंद झालाय बघा. ओठ ताणल्याशिवाय तो तसा होत नाही. म्हातारी हसत होती."

केशरबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सकाळपासून पहिल्यांदाच चन्नम्माआक्कांचा चेहरा नीट बघितला.